डोक्यामागचा चेहरा

त्या वर्षी मोहाची फुलं गळायला लागली आणि माझी दोन्ही पोरं घरात कोंडली गेली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. नागभीडकडच्या आमच्या गावातून दरसाल कितीतरी माणसं जातात, तसाच. घरी मी एकटी. शेजारच्या गावातल्या एका बाईला मोह वेचताना वाघानं नेलं, त्याला आठवडा झाला होता. त्या दिवसापासून कोणी पोराला अंगणवाडीत पाठवेना की अंगणात सोडेना.

लहान पोरांना घरात डांबून ठेवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पहिले दोन दिवस दोघं खूश होती. तिसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात माती, मातीत पीठ आणि भावाच्या दंडावर बहिणीच्या दातांचे वण. मी काही शांत स्वभावाची आई नाही. माझा हात आधी उठतो आणि अक्कल मागून येते. म्हणून मग मी त्यांच्या हातांना काम लावायचं ठरवलं. पळसाची फुलं उकळून रंग काढला. पळसाची पानं काडीनं टाचून तळहाताएवढ्या पत्रावळी केल्या. जुन्या वहीच्या कागदाची भिंगरी करून बाभळीच्या काट्यावर बसवली. ती फिरावी म्हणून दोघं दाराच्या फटीशी गाल लावून वारा शोधत बसायची. ते बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा.

त्याच आठवड्यात जंगलखात्याची माणसं गाडी घेऊन आली आणि जंगलात जाणाऱ्यांना मुखवटे वाटून गेली. प्लास्टिकचे, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून झडप घालतो. मागे चेहरा दिसला तर माणूस आपल्याकडे बघतोय असं त्याला वाटतं, असं त्यांनी समजावलं. मुखवटा होता गुलाबी गालांच्या, मिशीवाल्या, हसऱ्या माणसाचा. असला माणूस आमच्या तालुक्यात मी तरी पाहिला नव्हता. आम्ही बाया एकमेकींच्या पाठीला नवरे आले म्हणून हसलो. झाडाखाली गेल्यावर हसू आटलं. मोह उभ्यानं वेचता येत नाही. कंबरेतून वाकावं लागतं, नाहीतर उकिडवं बसावं लागतं, आणि मान खाली घातली की मागचा माणूस आभाळाकडे बघत हसत राहतो. हे प्रत्येकीच्या ध्यानात आलं, तरी वाकून वेचत राहिलो.

"आमाले काऊन नाई देल्ले?" मुलीनं विचारलं.

"तुम्ही कुठी जंगलात जाता?"

"तरी पाह्यजे."

मला तेवढंच निमित्त हवं होतं. एक अख्खा दिवस निघाला असता. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, बोथट कात्रीनं कुरतडत कापला, बाभळीचा डिंक लावून कान चिकटवले. गालांना पळसाचा रंग, कपाळाला हळद, डोळ्यांना तव्याची काजळी. बांधायला लुगड्याच्या काठाची चिंधी. धाकट्याचा मुखवटा सारखा घसरून मानेवर यायचा आणि तो गोल गोल फिरत स्वतःची पाठ बघायला धडपडायचा. मुलीनं आपल्या मुखवट्याला बशीएवढे डोळे काढले. तोंड काढलंच नाही.

"तोंड कायले? त्याले फक्त पाहाचं आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चूल पेटत नव्हती. लाकूड ओलं होतं, धुरानं माझे डोळे वाहत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"आई, हे घातलं तं वाघ येत नाई ना?"

"नाई येत."

"अजिबात?"

"अजिबात नाई. पाहूनच पळते तो."

मला तिची कटकट थांबायला हवी होती, आणि तिनं रात्री न दचकता झोपावं असंही वाटत होतं. दोन्ही झालं. चार दिवस पोरगी मुखवटा घालूनच जेवली आणि घालूनच गाढ झोपली. मला माझंच कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी मी उजाडायच्या आधी बायांसोबत निघाले. पोरांजवळ शेजारची म्हातारी येऊन बसायची. आमचं झाड नाल्यापलीकडे. बांबूतून पायवाट गेली तर जवळ, पण ती वाट आम्ही सोडली होती. कालव्याच्या बांधावरून, उघड्या रानातून वळसा घालून जायचो आणि तसंच परतायचो. ऊन चढल्यावर घरी आले तर धाकटा उंबऱ्यावर एकटा, भाकरीचा तुकडा चघळत.

"ताई कुठी आहे?"

"तुह्याकडं गेली. टोपली घेऊन."

म्हातारी पाण्याचा गुंड घेऊन येत होती. माझं तोंड बघून तिच्या हातातून तो गुंड सुटला. "मले वाटलं तुह्याच मांगं गेली वं माय," ती म्हणाली. "चेहरा बांधून होती."

मला सोडून सगळ्यांना एकदम शहाणपण सुचलं. एकटी जाऊ नोको, माणसं येऊ दे, काठ्या घेऊ दे, थाळ्या वाजवू दे. मी बांबूच्या वाटेनं धावत सुटले. कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. नवऱ्याला शिव्या घातल्या, त्याच्या मिरचीला घातल्या, मोहाच्या झाडाला घातल्या आणि चुलीपुढे बसून खोटं बोललेल्या माझ्या जिभेला सगळ्यांत जास्त. पायातली चप्पल कुठे गेली ते आजतागायत माहीत नाही.

बांबू संपला आणि समोर दोन डोळे दिसले. काजळीचे, बशीएवढे, बिनतोंडाचे, थेट माझ्याकडे बघणारे. पोरगी आमच्या झाडाखाली बांबूकडे पाठ करून बसली होती, पाठ आणि मान ताठ ठेवून, आणि हातानं चाचपत फुलं टोपलीत टाकत होती. आम्ही मोठ्या बाया वाकत होतो. ही वाकत नव्हती. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही, नुसता हात वर केला.

"आई, मले हलवू नोको. तो चेहरा मांगं पाहून राह्यला."

मी ज्या बाजूनं आले होते, वाघ आला असता तर त्याच बाजूनं आला असता. माझ्या जागी तो असता तर त्यालाही हेच दिसलं असतं. हे मनात आलं आणि मी तिला उराशी धरायचं सोडून दंडाला धरून उभं केलं आणि दोन थोबाडीत मारल्या. मुखवटा ओढून काढला, फाडला, तुकडे तिच्यापुढे टाकले.

"पुठ्ठा आहे हा, पुठ्ठा! वाघ याले भीत नाई. कायलेच भीत नाई तो. समजलं?"

तेव्हा ती पहिल्यांदा मागे वळली. बांबूकडे बघत राहिली. रडली नाही. तिच्या फ्रॉकखाली पाय ओले झाले आणि माती भिजली. मागून माणसं थाळ्या बडवत आली. त्यांनी जागा धुंडाळली. वाघाचा माग कुठेच नव्हता. बांबू रिकामा होता. माझ्या पोरीला मात्र त्यात वाघ दिसायला लागला होता, आणि तो मीच तिथे सोडला होता.

दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. धाकट्यानं भिंगरी पुढे केली, ती तिनं घेतली नाही. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत असताना तिनं हळूच विचारलं, "मंग तुले तो खाईन का?"

नाही म्हणायचा माझा हक्क मी सकाळीच घालवला होता. हो म्हणवत नव्हतं. मी भाकरी उलटली आणि ती जळेपर्यंत तव्याकडे बघत राहिले.

म्हातारीनं दारातूनच हात जोडले. "माह्यानं आता नाई होत बाई. पोरीले काही झालं असतं तं मी कोनाले तोंड दाखवलं असतं?" तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून तो आधी माझ्यावर ओरडला, मग म्हणाला, "राहू दे तो मोह. नोको जाऊ." फोन ठेवायच्या आधी मात्र बारीक आवाजात म्हणाला, "किती दिवस राह्यले अजून गळाचे?" त्यालाही ठाऊक होतं. आमच्या घरात पावसाळ्याचं तेल-मीठ आणि पोरीच्या शाळेचे कपडे त्या झाडावरून येतात. आज वेचलं नाही ते हरणं खातात, आणि दोन दिवस कोणी फिरकलं नाही तर झाड मोकळं समजून दुसरं कोणी झाडून घेतं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ती आधीच जागी होती. माझा पदर मुठीत धरून बसली. मी एकेक बोट सोडवलं. सोडवलेलं बोट ती पुन्हा मिटायची. शेवटी मी पदर हिसकला, दोघांजवळ भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवला, आणि जे कधी करणार नाही म्हणून शेजारणींना ऐकवलं होतं तेच केलं. दार ओढून बाहेरून कडी घातली.

आग लागली तर? साप निघाला तर? मी कडीला हात लावून उभी राहिले. बाया पुढे जाऊन मला हाका मारत होत्या. आत धाकटा जागा झाला आणि दार बडवत त्यानं भोकाड पसरलं. मला वाटलं, आता तीही त्याच्या सुरात सूर मिळवेल. ती दाराशी आली. कालपासून त्या एका प्रश्नापलीकडे न बोललेली माझी पोर त्याला जवळ ओढून समजावत होती.

"उगा राह्य रे. आईले काही करत नाई तो. तिले पाहूनच पळते."

"अजिबात नाई करत?"

"अजिबात नाई."

तो हुंदके देत गप्प झाला. मी टोपली उचलली आणि बायांच्या मागे चालू लागले.