पाळण्यावर पडलेली राख

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, परळीला करायचं ठरलं, त्याच दिवशी मी वहीत यादी केली. आठव्या ओळीवर लिहिलं: पाळणा.

पाळणा घरातच होता. माझे मिस्टर आणि त्यांची तिन्ही भावंडं त्यातच वाढली. सासऱ्यांनी तो घाटनांदूरच्या एका सुताराकडून करून घेतला होता. आता माळ्यावर त्यात कांदे-लसूण असायचे. वर गुलाबी ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी काहीतरी तपकिरी.

मी तो खाली काढल्याचं कळताच मामा, म्हणजे माझे सासरे, बाजेवरून म्हणाले, "त्यात लेकरू घालायचं न्हाई. सांधे हलायलेत. अन् तो रंग चाटला लेकरानं म्हंजी?"

"रंग काढते. सांधे बसवून घेते."

"कावून एवढी उठाठेव? दुकानात लोखंडी मिळतंय की."

"तुमच्या चार लेकरांना हाच चालला."

"तवा सांधे बघायला मी होतो. आता डोळं न्हाईत."

"मग हातानं बघा. तुम्ही हो म्हणालात तरच बाळ त्यात घालू."

"मी हो म्हनत नसतो."

लेकीला मात्र तोच पाळणा हवा होता. बाप ज्यात झोपला त्यात लेकरू झोपवायचं, एवढंच तिचं म्हणणं. मी तिला शब्द देऊन बसले.

रंग काढायला आठवडा गेला. रिमूव्हर लावायचा, फुगलेला रंग लोखंडी पट्टीने खरवडायचा, पुसायचं, पुन्हा लावायचा. तपकिरी थर निघाला आणि खाली चक्क सागवान निघालं. दोन सांधे सुटले होते. सुताराला घरी बोलावून पाचरी मारून घेतल्या. आपल्याला येत नाही ते येणाऱ्याकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा मानू नये. बाळ कठडा चाटणारच, म्हणून पॉलिश बाद केलं. घाण्यावरून जवसाचं तेल आणलं.

इथे माझं चुकलं. तेल सढळ हाताने चोपडलं आणि पाळणा उन्हात वाळायला गच्चीवर ठेवला. परळीत वारं फिरलं की वीजकेंद्रातली कोळशाची राख येते. पंचवीस वर्षं मी पापड-कुरडया ओढणीखाली वाळवते, धुणं वारं बघून घालते. पण लाकूड काय, त्याला काय होतंय, असं वाटलं. सकाळी हात फिरवला तर कठडा खरखरीत. चिकट तेलावर राखेचा राखाडी थर बसलेला.

मामांना सांगावं लागलं नाही. त्यांनी एक बोट फिरवलं आणि धोतराला पुसलं.

"परळीत राहतीस का मुंबईला?"

त्याच संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. आठ दिवस आधीच. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. दवाखान्याच्या बाकावर बसून मी नवीन यादी केली. बाराव्या दिवशी बारसं. दोन दिवस घासायला, सहा दिवस तेलाच्या तीन हातांना, उरलेले वास जायला. जमत होतं. फक्त एकही दिवस वाया घालवून चालणार नव्हतं.

मधली खोली रिकामी केली. फरशी ओल्या फडक्याने पुसली, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, पंखा बंद. मिस्टरांना दारावर चिठ्ठी: आत येऊ नये. यावेळी तेल थेंबा-थेंबाने घेतलं, जुन्या धोतराच्या फडक्याने मुरवलं, उरलेलं पुसून काढलं. तिसऱ्या हातानंतर सागवानाच्या रेषा अशा उठल्या, की मी दार लोटून एकटीच बराच वेळ बघत बसले.

बारशाच्या सकाळी पाळणा हुकाला टांगला. मामांनी आधी कठड्यावरून तळवा फिरवला, आतून, बाहेरून, खालून. एकेक सांधा अंगठ्याने दाबला. पाळण्यात आधी वरवंटा घालायची रीत आहे, तो मी घेऊनच उभी होते.

"ह्यानं काय कळतंय? पाटा आन."

मिस्टरांनी अख्खा पाटा उचलून आणला. मामांनी तो पाळण्यात ठेववला आणि स्वतः झोका दिला. एकदा, दोनदा, मग जोरात. लाकूड कुरकुरलंसुद्धा नाही.

"काढ पाटा," ते म्हणाले. "पोरीला आन."

लेकीने बाळ आणून ठेवलं. ते झोपेतच होतं. बायका जमल्या, कुंकू झालं, पाळणागीताला सुरुवात करायची तर दोरी मामांच्या हातात.

"मामा, दोरी द्या. बायकांना गायचंय."

"गा की. मी काय तोंड धरलंय व्हय तुमचं?"

बायका गायल्या. मी वहीतली आठवी ओळ खोडली. दोरी शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.