अक्काची चौकोनी पोळी

चौकोनी पोळी लाटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या जळगावच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने सगळ्यांनी भाकरीचा एकेक तुकडा आणि रसाचा घोट घ्यायचा, आणि ती भाकर अक्काकडे होती. भाकर म्हणायची पद्धत, एरवी ती बिनखमिराची, बिनमिठाची गव्हाची पोळीच. शनिवारी सकाळी अक्का ती लाटायची, कोपरे बोटाने ओढून चौकोन करायची, भाजून गार झाली की लाकडी पट्टी लावून सुरीने एकसारखे तुकडे पाडायची. गोल पोळीचे कडेचे तुकडे वेडेवाकडे निघतात, हे तिला खपत नसे. "कोनले मोठा, कोनले बारीक तुकडा नको," ती म्हणायची. "देवबापना घरमा बठ्ठासले सारखा."

मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून प्याल्यातला रसही तीच करायची. या कामात ती कुणाला हात लावू देत नसे. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस होते. तिच्या शेजारच्याच खोलीत राहायचे, म्हणून मला फक्त बघायची परवानगी होती. मी काही विचारायला गेले की ती लाटणं उगारायची.

अक्का मूळची एरंडोलकडच्या एका खेड्यातली. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली, आजारी पडली, मिशनच्या दवाखान्यात राहिली आणि तिथेच तिने बाप्तिस्मा घेतला. धाकट्या भावाने तिच्या नावाने आंघोळ करून टाकली. तीस वर्षं त्याने तिला दारात उभं केलं नाही. अक्का मात्र दर बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची. बाकीच्या बायका नोकरी, दुखणी, मुलींची लग्नं मागायच्या. अक्काचं मागणं एकच आणि तेही इतकं ठरलेलं, की ती उभी राहिली की आम्ही तरुण मुली एकमेकींना कोपरं मारायचो. "देवबाप, मना भाऊले माले ताई म्हनू दे."

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. श्रावणात भावाचा निरोप आला. तो खंगला होता आणि कानबाईला बहिणीने यावं असं त्याच्या मनात होतं. कानबाई ही देवी खानदेशात घरोघर बसते, तिच्या नैवेद्याला रोट म्हणजे जाड पोळ्या होतात, आणि ते रोट घरच्या माणसांशिवाय कुणाला मिळत नाहीत. घरातल्या एकेकाच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून घेतात आणि त्याच पिठाचे रोट करतात. योगायोग असा की तो रविवार महिन्याचा पहिला होता. अक्काने शनिवारी भाकर केली, डबा माझ्या हातात दिला आणि एरंडोलची एसटी पकडली. आम्ही चर्चमध्ये तिची भाकर खाल्ली, तेव्हा ती भावाच्या ओसरीवर बसली होती.

बुधवारी तिने साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगणं. अक्का उभी राहिली ती रडतच. "मना भाऊनी मना नावनी मूठ मोजी," ती म्हणाली. "भाऊबंद कुरकुर करेत, पन त्यानी माले रोट दिधा. म्हने, ताई, खा, तू घरनी शे." मग तिने हात जोडले. "देवबापनी मनं ऐकं."

तिला वाटलं, आम्ही हालेलूया म्हणू. आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. मूर्तीपुढचं अन्न खाल्ल्याचं चर्चमध्ये उभं राहून, आनंदाने सांगणारी बाई आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. हुशार माणसं असलं खाऊन गप्प बसतात. आमच्या मंडळीत अशी हुशार माणसं पुष्कळ होती, हे मला आज कळतं. मी ती साक्ष महिला मंडळाच्या वहीत जशीच्या तशी उतरवली. अक्षर माझं चांगलं होतं आणि त्याची मला फार घमेंड होती.

वही नाना पंचांनी वाचली. नाना मंडळीचे सर्वांत जुने पंच, स्वच्छ धोतर, हळू आवाज. मला शाळेत त्यांनीच लावलं होतं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा झाली. अक्काला सहा महिने शिस्तीखाली ठेवावं, म्हणजे प्रभुभोजन देऊ नये, आणि सहा महिन्यांनी तिने मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करावं, असा ठराव आला. हात वर करायचे होते. अक्का पहिल्या बाकावर बसून वळून बघत होती, कोण कोण हात वर करतंय ते. मी नानांकडे पाहिलं आणि हात वर केला. सगळ्यांनीच केले, पण तिची नजर माझ्याच हातावर थांबली.

नंतर नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाकर मात्र अक्काच करेल हो. दुसऱ्या कुणाला तशी जमायची नाही." हा निरोप मीच तिला सांगितला. मला वाटलं, ती पट्टी फेकून मारेल. मारायला हवी होती. तिने विचारलं, "किती लोके शेत या महिनाले?" मी आकडा सांगितला. तिने स्वतःला वजा केलं आणि तेवढेच तुकडे पाडले.

तेव्हापासून अक्का शेवटच्या बाकावर बसू लागली. नाना ताट फिरवत मागे येत आणि तिच्यापाशी आले की ताट तिच्या डोक्यावरून उंच नेत, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवरून पाय उचलावा तसं. अक्का खाली मान घालून बसायची. तिच्या पदराला भाजल्या गव्हाचा वास यायचा. तो वास आम्हा सगळ्यांना यायचा आणि आम्ही डोळे मिटून प्रार्थना करायचो.

सहा महिने संपले. आमचे पाद्री, पाळकसाहेब, तिला प्रेमाने म्हणाले, "अक्का, फक्त 'चुकले' एवढं म्हणा."

"मना भाऊ तीस वरीसमा पहिलांदा माले ताई म्हने," अक्का म्हणाली. "त्यामा मी काय चुकनू?"

"प्रभूचं प्रेम अमर्याद आहे," नाना मध्येच म्हणाले, "पण प्रभुभोजनाच्या मेजाला मर्यादा आहे."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे दोन उपदेशांत त्यांनी ते वापरलं. अक्का 'चुकले' म्हणाली नाही. त्याच हिवाळ्यात भाऊ गेला. पुढच्या श्रावणात ती गावी गेली तर पुतण्यांनी तिला उंबऱ्याबाहेरच पाणी दिलं आणि परतीच्या एसटीची वेळ सांगितली. तिच्या नावाची मूठ पुन्हा कुणी मोजली नाही. परत आल्यावर तिने मनुका भिजत घातल्या.

असं चार वर्षं चाललं. मग तिने अंथरूण धरलं आणि भाकर करायची पाळी माझ्यावर आली. ती खाटेवरून सांगायची, मी लाटायची. माझा चौकोन साधेना. ती खोकत खोकत हसायची. "पोरी, तू नकाशा काढी राहिनी का?" त्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणून मला ते सहन होत नव्हतं.

त्या रविवारी मी माझा तुकडा खाल्ला नाही. हातरुमालात गुंडाळला आणि उपासना सुटल्याबरोबर तिच्याकडे गेले. वाटलं, आता तरी काही फिटेल. तिने तो तळहातावर घेतला, कडा पाहिल्या, वास घेतला. चेहरा असा झाला की मला वाटलं, खाईल.

"नानानी दिधा का?" तिने विचारलं.

"नाही अक्का. मी आणला. कुणाला कळणार नाही. खा."

तिने रुमालाची घडी पुन्हा नीट घातली आणि माझ्या हातात ठेवली. "घरनं माणूस चोरीसन खात नही, पोरी. ताटमा वाढीसन देतीन, मंग खासू."

कुणी वाढलं नाही. बारा दिवसांनी ती गेली. पुतण्यांनी कळवलं, बाई तुमची, तुम्हीच बघा. पंचांनी पेटी चर्चच्या आत घेऊ दिली नाही. दफनभूमीत भिंतीलगत जागा दिली, तीही नानांनी शब्द टाकला म्हणून. पाळकसाहेबांनी कबरीपाशी वाचलं की देवाच्या प्रेमापासून आपल्याला कोणीही वेगळं करू शकणार नाही. नाना रडले. खरोखर रडले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत. "अशी भाकर आता कोण करणार?" ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी करीन," मी म्हणाले.

तेव्हापासून मीच करते. चौकोन आता चांगला येतो. तिची पट्टी माझ्याकडे आहे. एकसारखे तुकडे पाडते, मोजते, आणि माझाही त्यात धरते. पहिले काही महिने मला वाटायचं, एक दिवस हा तुकडा माझ्या घशात अडकेल. अडकत नाही. दर महिन्याला सहज खाली उतरतो.