दोन अक्षरं आणि एफ-थ्री

मालवणात तहसील कचेरीच्या मागच्या बाजूला एका वकिलांच्या ऑफिसात मी दस्त टाइप करते. दस्त म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, जे काही माणसं एकमेकांना लिहून देतात ते. हे काम मी इतक्या वेगाने करते की समोर बसलेली माणसं स्क्रीनऐवजी माझ्या बोटांकडे बघत राहतात. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं, ते आधीच कबूल करून टाकते. मिरवण्यासारखं दुसरं माझ्याकडे फारसं काही नाही. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन बेळगावला असते आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहते.

वेग आला तो साहेबांच्या चिकटपणामुळे. ऑफिसचा माउस एका पावसाळ्यात बंद पडला. साहेब म्हणाले, कुडाळला गेलो की आणतो. साहेब दर आठवड्याला कुडाळला जायचे आणि येताना भाजी, सुकी मासळी, छत्रीची काडी बसवून, असं सगळं आणायचे, माउस सोडून. आता दस्त तर थांबत नाहीत. मग मी बटणांवर काम करायला शिकले. कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही शाळेतल्या पोरांनाही येतात, त्यात काही नाही. पण एका टॅबने एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणं, कंट्रोल आणि एंड दाबून सरळ शेवटच्या पानावर उतरणं, कंट्रोल एच दाबून जुन्या दस्तातलं एकीचं नाव सगळीकडून काढून तिथे दुसरीचं घालणं, हे हळूहळू बोटांत बसलं. दोन महिन्यांनी माउस आला तेव्हा मी तो खणात टाकून दिला. साहेब म्हणाले, "मग उगाच आणायला लावलात." 

सगळ्यांत कामाची निघाली ती एफ-थ्री. आमच्या धंद्यात काही परिच्छेद ठरलेले असतात. ते एकदा टाइप करून त्यांना छोटं नाव देऊन ठेवायचं. पुन्हा ते नाव लिहून एफ-थ्री दाबलं की अख्खा परिच्छेद समोर हजर. मी हक्कसोडपत्राच्या परिच्छेदाला 'हक' असं नाव दिलं होतं. दोन अक्षरं आणि एक बटण. मग येतं ते असं: मी लिहून देणार, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, पूर्ण विचारांती व शुद्धीवर असताना, सदर मिळकतीतील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा व हक्क लिहून घेणार यांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे, यापुढे माझा अथवा माझ्या वारसांचा सदर मिळकतीशी काडीमात्र संबंध राहिलेला नाही.

आमच्याकडे हा दस्त फार चालतो. वडील गेले, आई गेली की सातबारावर सगळ्या भावंडांची नावं लागतात आणि मग बहिणींना बोलावणं जातं. बहिणी येतात. लग्नकार्याला नेसायची साडी नेसून, केसांत अबोली माळून येतात, कारण त्या निमित्ताने चार दिवस माहेर होतं. बाकावर भाऊ एका टोकाला, बहीण दुसऱ्या टोकाला.

पूर्वी, म्हणजे बटणं यायच्या आधी, एका हक्कसोडपत्राला अर्धा दिवस जायचा. साहेब डोळे मिटून एकेक वाक्य मोठ्याने सांगायचे, मी टाइप करायची, मध्येच चहा यायचा. विजयदुर्गाकडे दिलेली एक बाई मला चांगली आठवते. 'माझ्या वारसांचा' इथपर्यंत साहेब आले आणि ती म्हणाली, "जरा थांबा." उठली, छत्री घेतली आणि बाहेर निघून गेली. तिचे दोघे भाऊ एकमेकांकडे बघत बसले. तासाभराने ती परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "माका मागलो सोपो नि त्येच्या भायलो फणस व्हयो. बाकी सगळा तुमका." भाऊ भडकले, वाद झाला, एकाने तर आईची शपथ घातली. पण ती बसलीच नाही. शेवटी साहेबांनी वेगळा परिच्छेद घालून मागचा सोपा आणि तो फणस तिच्या नावाने ठेवला. त्या दिवशी मला घरी जायला उशीर झाला म्हणून मी तिच्यावर चरफडत होते.

मी एफ-थ्री वापरायला लागल्यानंतर एकही बाई मध्येच उठली नाही. मला ते माझ्या कामाच्या सफाईचं लक्षण वाटायचं. एकदा आतल्या गावातली एक म्हातारी आली होती. दस्त छापून हातात दिला तर ती म्हणाली, "ह्यात काय लिवलला आसा, वाचून दाखव गो बाय." मागे माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, "सगळ्यांचा असता तसाच आसा." तिने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मे म्हयन्यात माका म्हायेराक येवक मिळतला मा?" मी म्हटलं, "मिळतला गो, ना कोण म्हणता?" तिने अंगठा दिला. मे महिन्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं आणि ते मला माहीत होतं.

गेल्या वर्षी माझी आई गेली.

माझं माहेर आचऱ्याच्या बाजूला, अगदी किनाऱ्याला. घर, माडांची बाग, पलीकडे विहीर आणि विहिरीच्या खालच्या अंगाला उंडीच्या झाडांत थोडी वाळवट जागा. तिथे काही पिकत नाही. मला त्या जागेतले दोन गुंठे हवे होते. खूप दिवसांपासून हवे होते. काम सुटल्यावर भाड्याच्या खोलीत किती वर्षं काढणार, तिथे एक खोली आणि एक पडवी बांधून राहीन, असं मी मुलीला फोनवर सांगायची. ती म्हणायची, "आई, मला नको सांगूस, मामाला सांग." ते बरोबरच होतं. पण दादाला सांगायचं म्हणजे काय? आईची आठ वर्षांची आजारपणं त्याने आणि वहिनीने काढली. मी रविवारची जायची, दोन तास बसायची आणि चारच्या गाडीने परत. अशा माणसासमोर जमीन हा शब्द काढायला जीभ रेटत नव्हती.

वर्षश्राद्धानंतर महिन्याभरात, कागद करायला येतो असा आदल्या दिवशी फोन करून, दादाच ऑफिसात आला. कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवल्या. "तुझ्या वैनीन दिल्यान," म्हणाला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं दुमडलेलं पान सरळ केलं.

"पर्यटकांका दोन-तीन खोल्यो काढूच्यो आसत," शेवटी तो म्हणाला. "कागदार एकच नाव व्हया म्हणतत सगळे."

"बरा," मी म्हटलं.

"तुका काय म्हणूचा आसा तर सांग हां बाय."

हे तो म्हणाला. मला स्पष्ट आठवतं, कारण नंतर मी ते वाक्य शंभर वेळा मनात घोळवलं. तो विचारत होता. चांगल्या मनाने विचारत होता. मी म्हटलं, "बस, आधी टाइप करून घेतंय, मगे बोलूया."

मी ठरवलं होतं ते असं, की टाइप करता करता विषय काढायचा. हातात काम असलं की माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि मला कोणाच्या तोंडाकडे न बघता बोलायची सवय आहे. चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे ते, घालताना विहीर येईल, विहीर आली की म्हणायचं, दादा, ह्या विहिरीखालची ती उंडीची जागा आहे ना. एवढंच वाक्य. सकाळी दात घासताना मी ते दोनदा म्हणून पाहिलं होतं.

मी आदल्या आठवड्यातला एका बाईचा दस्त उघडला. कंट्रोल एच. त्या बाईच्या नावाच्या जागी माझं नाव. कॉम्प्युटरने सांगितलं, सतरा ठिकाणी बदल केला. मग तिच्या भावाच्या जागी दादाचं नाव. टॅब, टॅब, वय, व्यवसाय, पत्ता. 'हक', एफ-थ्री. तो परिच्छेद आला तसा मी त्याच्या खाली गेलेसुद्धा; तो मी कधी वाचतच नाही, डोळे आपोआप पुढच्या रिकाम्या ओळीवर जातात. राहिली चतुःसीमा. तेवढी एक गोष्ट दर दस्तात वेगळी असते, हाताने लिहावी लागते. पूर्वेस पाणंद. दक्षिणेस चुलत्यांची बाग. पश्चिमेस समुद्र. उत्तरेस वहाळ. विहीर आलीच नाही. विहीर मिळकतीच्या आत होती, सीमेवर नव्हती. एवढी वर्षं दस्त टाइप करणाऱ्या बाईला हे सुचायला हवं होतं.

तरी अजून जागा होती. शेवटच्या पानावर साक्षीदारांची नावं होती, ती मी सावकाश लिहू शकले असते. पण दादा माझ्या बोटांकडे बघत होता. लहानपणी मला पोहता यायला लागल्यावर तो किनाऱ्यावरून बघायचा तसा, कौतुकाने. आणि मला, माझ्या तोंडाला काळं, त्याला दाखवायचं होतं. बोटं आणखी जोरात चालायला लागली. कंट्रोल एस, कंट्रोल पी, एंटर. प्रिंटर घरघरायला लागला.

"झाला पण?" दादा म्हणाला. "माका वाटला अर्धो दीस जायत. म्हणान मी डबो घेवन इलंय."

खरंच त्याच्या पिशवीत डबा होता. दोन माणसांचा, चार पुडांचा. वहिनीने दुपारपर्यंतची सोय करून पाठवलं होतं त्याला. तो बसायला आला होता, बोलायला आला होता. मी त्याला तेरा मिनिटांत मोकळं केलं.

"झाला," मी म्हटलं. आणि मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. ते बरं वाटणं जेमतेम पान छापून बाहेर येईपर्यंत टिकलं.

इतक्यात साहेब आतून आले. आज रजिस्ट्रारकडे कोणी नाही, लगेच गेलात तर लगेच होऊन जाईल, म्हणाले. दादाने माझ्याकडे पाहिलं. "तुका काय तरी बोलूचा होता मा?" मी म्हटलं, "तसा काय नाय." असं का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दस्त छापून झाल्यावर काही मागणं म्हणजे तो फाडायला लावणं, असं काहीतरी वाटलं असावं. दुसऱ्या कोणाचा असता तर मी सरळ सांगितलं असतं की बाई, कागद आहे, दुसरा निघतो.

रजिस्ट्रार कार्यालयात खरंच कोणी नव्हतं. तिथले साहेब नवीन होते, मला ओळखत नव्हते. समोरच्या खुर्चीमागे मी आजवर हजार वेळा दुसऱ्यांसाठी उभी राहिले होते, खुर्चीत बसले कधी नव्हते. कॅमेऱ्यात बघा म्हणाले, बघितलं. मग त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "मजकूर वाचून, समजून घेतलात ना?"

"मीच टाइप केलाय, साहेब," मी म्हटलं.

ते हसले. "मग प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि अंगठा ठेवायचं यंत्र माझ्याकडे सरकवलं.

बाहेर आल्यावर दादाने डबा माझ्या हातात दिला. तू खा, मला आता बाराची गाडी मिळेल, म्हणाला. जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं तो कधी करत नाही. तो चांगला माणूस आहे, आणि मागितलं असतं तर त्याने दिलं असतं असं मला वाटतं. ते वाटणंच फार वाईट आहे. तो नाही म्हणाला असता तर मी निदान त्याच्यावर रागावून बसले असते.

संध्याकाळी घरी जाऊन मी दस्ताची प्रत काढली आणि पहिल्यांदाच तो परिच्छेद वाचला. बोट ठेवून, एकेक शब्द, लहान पोरं वाचतात तसा. राजीखुशीने. पूर्ण विचारांती. माझ्या वारसांचा. माझी वारस एकच आहे, ती बेळगावला असते आणि तिला मी काहीही विचारलं नव्हतं. मला एकदम रडू आलं. दुपारपासून मी रडले नव्हते.

तिचा फोन साडेसातला आला.

"मामा येऊन गेला का?" तिने विचारलं. मी म्हटलं, आला होता, सगळं झालं, रजिस्टरसुद्धा झालं.

"मग त्या जागेचं बोललीस?"

"नाही गं. वेळच मिळाला नाही."

"एवढी गर्दी होती?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही दोघंच होतो."