सरांनी घरी नेलेले कागद

देहनकर सर गेल्याचं मला फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं. मी हजेरीचं बोट लावून आत जात होते, तर तो म्हणाला, "मॅडम, सर सकाळीच गेले जी... अटॅक आला म्हणते." दुःख नंतर आलं, आधी आली ती भीती. कागद कुठं असतील, हाच पहिला विचार. निर्लज्ज म्हणा हवं तर. पण त्या गठ्ठ्यात माझाही कागद होता. आमच्या प्लांटच्या मोठ्या साहेबांबद्दल मी त्यावर जे लिहिलं होतं, ते त्यांच्या हाती लागलं असतं तर मी घरीच बसले असते. आणि माझं घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं.

कसले कागद, तेही सांगते. नागपूरजवळच्या एमआयडीसीत आमचा चिवडा-फरसाण पॅक करायचा कारखाना. वासुदेव देहनकर तिथले पर्सोनेल ऑफिसर आणि मी त्यांच्या हाताखाली हजेरी बघते. पॅकिंगला मुली यायच्या मौद्याहून, सावनेरहून... हात बसला की सोडून जायच्या. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, घरची अडचण. मुली टिकत का नाहीत ते शोधा, असं हेड ऑफिसनं कळवलं, तेव्हा सर मला म्हणाले, "जाणाऱ्याले विचारून का फायदा? तो तर सुटला. जे राहून राहिले, त्याईले विचारू." मग सर्व्हेचे कागद वाटणं सुरू झालं. इथं काय खटकतं, काय बदललं तर राहाल, एवढंच विचारायचं. नाव लिहू नका, हे सर पुन्हा पुन्हा बजावायचे.

तरी पहिल्याच खेपेला सगळ्यांनी नावं लिहिली! काहींनी तर गावाचंही लिहिलं. पॅकिंगच्या जुन्या सुमनबाईंना सरांनी विचारलं, "काहून लिहिलं जी नाव? नाही म्हटलं होतं ना?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बिनानावाचा कागद चुगलखोर देते, सर. आपण का चोर आहो?" सरांनी कपाळावर हात मारला आणि हसले. पण जागेवर येऊन बसले तेव्हा चेहरा उतरला होता. आता प्रत्येक तक्रारीला धनी होता, आणि ते सगळे धनी सरांच्या टेबलावर येऊन पडले होते.

एका मुलीनं लिहिलं होतं की बायकांच्या संडासाला कडी नाही. एक आत गेली की दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं, मग सुपरवायझर दोघींवर ओरडतो. एवढ्या मिटिंगा झाल्या, पण पुरुषांसमोर हे कोण बोलणार? सरांनी त्याच आठवड्यात कडी बसवून घेतली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभे राहून म्हणाले, "कडीचं झालं. बसच्या वेळेचं बोलून राहिलो, अजून झालं नाही. पगार माझ्या हातात नाही, खोटं सांगणार नाही." दर खेपेला ते असंच उभं राहून काय झालं, काय नाही ते सांगायचे. हळूहळू मुली टिकायला लागल्या. हेड ऑफिसला ती सर्व्हेची जादू वाटली. जादूबिदू काही नाही, विचारलं ते ऐकलंही, इतकंच.

वर पाठवायला सर स्वतःच्या अक्षरात मुद्दे काढायचे आणि मूळ गठ्ठा पिशवीत घालून घरी न्यायचे. नवे मोठे साहेब आले, तेव्हापासून ते तो गठ्ठा मागू लागले. सर म्हणायचे, "सारांश दिला आहे, साहेब." असं नका समजू की ते घाबरत नसत. एकदा केबिनमधून बाहेर आले, पाण्याचा गिलास एका दमात रिकामा केला. माझ्याकडे बघून म्हणाले, "भेव तर मलेही लागते वं... पण त्याईनं नाव लिहिलं ना." त्यानंतरच्या खेपेला मीही कागद भरला. साहेब मुलींशी ज्या भाषेत बोलतात, ती ऐकून कोणाच्या घरचे पोरीला पाठवतील, असं लिहिलं. खाली नाव लिहिलं.

सरांची तेरवीही झाली नव्हती, तर साहेबांनी मला बोलावलं. "देहनकरांच्या घरी कंपनीचे कागद आहेत. तुमची ओळख आहे. घेऊन या." प्रताप नगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. माझा तेवढा काढून घेतला, तर बाकीच्यांचं काय? सुमनबाईंचं काय? आणि एकही नेला नाही, तर माझं काय?

वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, विचारलं, तर त्या मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. तिथं भिंतीशी टोपल्या मांडल्या होत्या, लहानमोठ्या, कागदाच्या लगद्याच्या. "हे का, त्याईचे कागद," वहिनी म्हणाल्या. "आणले की बादलीत भिजवत. लगदा चिकटून राहाले मी मेथ्या वाटून टाको, अन् दोघं मिळून थापो. कोणाच्या हाती लागू नये म्हणत."

"शेवटचेही?"

"तेही. हात लावून पाहा, ही बुडाशी ओलीच आहे अजून." मी हात लावला आणि तिथंच खाली बसले. निघताना त्यांनी तीच टोपली हातात दिली. "ने वं, वाळली की कांदे ठेवाले कामी येते."

साहेबांना मी सांगितलं, कागद नाहीत, सरांनी नष्ट केले. ते म्हणाले, "पुढचा सर्व्हे मोबाइलवर घ्या. कोण काय बोलतंय ते मला कळलं पाहिजे." मी म्हटलं, "कागदावरच घेऊ, साहेब. मोबाइलवर मुली लिहिणार नाहीत." ते म्हणाले, "बघू." ते 'बघू' अजूनही सकाळी कामावर निघताना कानात असतं.

टोपली माझ्या ओट्यावर आहे. तिच्यात कुठंकुठं निळ्या शाईचे डाग आहेत. खिडकीशी नेऊन मी माझं नाव शोधते, एक अक्षर लागत नाही. पुढच्या महिन्यात कागद वाटायचे आहेत, साहेब काय करतील माहीत नाही. मुली नावं लिहिणारच. काल मी वहिनींना फोन करून विचारलं, लगद्यात मेथ्या किती घालायच्या. त्या सांगत होत्या तेव्हा मलाही भीती वाटत होती, पण मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.