चेकरचा खडू

भिंगारमध्ये ‘बरा आहेस ना?’ असं विचारून खरोखर उत्तराची वाट बघत उभा राहणारा एकच माणूस होता, आणि माझं नशीब असं की तो बरोबर माझ्या दारासमोर राहायचा. बाकीची दुनिया विचारते आणि पुढे जाते. हा विचारायचा आणि थांबायचा. तुम्ही ‘बरा आहे’ म्हणालात की चष्मा कपाळावर चढवून असा बघायचा, की धडधाकट पैलवानालाही आपल्याला काहीतरी झालंय अशी शंका यावी. मग म्हणायचा, “पास न्हाई.”

लष्कराच्या वर्कशॉपात त्याने आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग तपासले. चांगल्यावर खडूने बरोबरची खूण, बिघडलेल्यावर फुली. म्हणून गल्ली त्याला चेकर म्हणायची. निवृत्त झाला, पण खडू खिशातून गेला नाही. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात निघाला तरी खडू सोबत. एकदा म्हणे वर्षावासाच्या प्रवचनात कुणी पाहुणा दोन तास बोलला, तर याने त्याच्या कोटाच्या पाठीवर फुली मारून पाठवला. मी पाहिलेलं नाही. पण मी सांगतोय म्हणजे झालं असणार.

मला तो माणूस अजिबात आवडत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माणूस गेला की त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे एकदम गूळ होतात. मी होणार नाही.

तेव्हा मी पारनेरहून कांदा भरून टेम्पो नगरला आणायचो. एका सकाळी एक मोटारसायकलवाला उलट्या बाजूने सरळ माझ्या अंगावर आला आणि जागच्या जागी गेला. चूक त्याची, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. पण पंचनामा माझ्या हातांना वाचता येत नव्हता. स्टिअरिंगला लावले की बोटं अशी थरथरायची, की हॉर्न आपोआप वाजावा. टेम्पो दारात उभा राहिला आणि मी घरात बसून भांडायला लागलो. बायकोशी, कुकरच्या शिट्टीशी, पंख्याच्या कुरकुरीशी. माझ्या आवाजाला कंटाळून आमच्या गल्लीतली कुत्री नगरला राहायला गेली. आणि एके दिवशी जेवताना मी बायकोला सांगितलं, की त्याच्याऐवजी मीच गेलो असतो तर सुटलो असतो, अजूनही काही उशीर झालेला नाही. ती ताट तसंच ठेवून उठली आणि समोर चेकरच्या घरी गेली.

तो आला. “बरा हाय का?” मी म्हणालो, बरा आहे. “पास न्हाई.” मग मात्र माझा ताबा सुटला. इतक्या दिवसांचं सगळं त्याच्यावर ओतलं, आणि शेवटी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, “तुमचं ते विहारात सांगा. माझ्या घरात तुमचा बुद्ध आणू नका.”

हे बोलायला नको होतं. त्याचे कान लाल झाले. मुळात चेकर महातापट. तरुणपणी त्याने एका साहेबाच्या टेबलावर पाना आपटला, त्याचा आवाज नगरच्या किल्ल्यापर्यंत गेला होता, असं जुने लोक सांगतात. मी मार खायच्या तयारीने उभा. त्याने खिशात हात घातला, खडू काढला आणि माझ्या दारावर एक रेघ मारली.

“ही माज्या रागाची,” तो म्हणाला. “तुजा आला की तू मार. रेघ मार, मानसाला न्हाई. आनि बुद्धाचं म्हनशील, तर ते निवांत बसल्यात. बसायचं तुला हाय.”

खडू उंबऱ्यावर ठेवून तो गेला. मी तो फेकणार होतो. त्याऐवजी रागाने एक रेघ मारली. मग खडूचा राग आला म्हणून दुसरी. आठ दिवसांत दार पांढरं झालं. पोलिओच्या डोसवाल्या ताई आल्या, त्या रेघा बघून दारातच घाबरल्या. त्यांच्या खडूच्या खुणांच्या हिशेबाने आमच्या घरात सत्तरएक पोरं निघत होती. त्या डोस आणायला परत जाणार, एवढ्यात बायकोने खरं सांगितलं. त्या दिवशी ती महिन्याने हसली. मला राग आला. रेघ मारली.

चेकर रोज दार तपासायला यायचा. “रेघेच्या आदी काय झालं?” एवढंच विचारायचा. मी म्हणायचो, कुकर वाजला. “कुकरच्या आदी?” असं मागे मागे नेत त्याने मला छळलं. शेवटी एका सकाळी मी नको ते बोलून गेलो: प्रत्येक रेघेच्या आधी मला ती मोटारसायकल दिसते, आणि मला भीती वाटते. चेकरने मान हलवली. “गावला बिगाड,” म्हणाला.

त्याचा सगळा धम्म वर्कशॉपातला होता. बोटं मोडत सांगायचा, “बिगाड हाय. बिगाडाला कारन हाय. बिगाड निगतो. काडायची रीत हाय. भगवंतांनी दुसरं काय सांगितलंय?” पण त्याच रीतीत तो मला रिक्षात कोंबून नगरला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी टोमणा मारला, की ध्यानाने भागत नाही वाटतं. “ब्रेक फेल हाय, तवा डोळे मिटून गाडी थांबती का?” तो म्हणाला. “गोळी घे. मग बस.”

बसायचं कुठे, तर टेम्पोत. इंजिन बंद. मी स्टिअरिंगवर हात ठेवून, तो शेजारी. श्वास येतोय बघ, जातोय बघ. येणारे-जाणारे काच ठोठावून डिझेल संपलं का विचारायचे. एका सकाळी हात थरथरतच राहिले आणि मी पुन्हा त्याच्यावर घसरलो: तुम्हाला काय पडलंय, माझ्या मागे का लागलात?

तो समोर बघतच बोलला. “माजा धाकटा भाऊ हुता. घरी आलो की रोज इचारायचो, बरा हाय का. तो म्हनायचा, बरा हाय. वर्कशॉपात हजारो भाग तपासले, बिगडलेला एक बी सुटला न्हाई. घरातला मानूस तेवडा न तपासता पास केला. हिरीतनं काडला त्याला.”

माझे हात थांबले की नाही ते आठवत नाही. पण चावी फिरवली, आणि टेम्पो गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणला.

पुढे त्याची मुलगी त्याला अकोल्याला न्यायला आली. गुडघे गेले होते. सामान माझ्याच टेम्पोत भरलं. अपघातानंतरची माझी सगळ्यात लांब फेरी. रस्ताभर हा गिअर चुकला, तो ब्रेक उशिरा, अशा फुल्या मारत बसला होता. मुलीच्या दारात सामान उतरलं. तो अजून केबिनमध्येच होता. मी विचारलं, “चेकरकाका, बरे आहात ना?”

“बरा हाय.”

मी उतरलो नाही. इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. “पास नाही,” म्हणालो.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, पण बघायला नाही, डोळे पुसायला. मुलगी दोनदा हाक मारून गेली. आम्ही तसेच बसलो. मग त्याने खिशातून खडूचा उरलेला तुकडा काढला, माझ्या डॅशबोर्डवर एक छोटी रेघ मारली आणि म्हणाला, “ही रागाची न्हाई.” कशाची, ते सांगितलं नाही. तसाच खडूस होता.

त्या हिवाळ्यात तो गेला. रेघ आहे. टेम्पो मी रोज पुसतो, तेवढी जागा सोडून. परवा गॅरेजवाल्याने फडका घेऊन तिकडे हात नेला, तर मी त्याचा हात खांद्यापासून उखडणार होतो. उखडला नाही. घरी आलो आणि दारावर रेघ मारली.