बालाघाट गैरहाजिर

बोरकर काकाजींच्या घरात कशालाही झाकण नव्हतं. टेबलपंख्याची जाळी खिळ्याला टांगलेली, भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडं, मिक्सर ओट्यावर उताणा पडलेला. पहिल्या दिवशी स्वयंपाकाला गेले तेव्हा मी दारातच थांबले. मला वाटलं, घरात चोरी झाली. काकाजी स्क्रूड्रायव्हरने पाठ खाजवत बाहेर आले आणि म्हणाले, "ये, ये, भेऊ नको. घरात शॉक लागन अशा तीनच जागा हाय. बाकी बिनधास्त फिर." त्या तीन जागा कोणत्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दोन मला सापडल्या. तिसरी अजून कुठंतरी आहे.

बंद वस्तू त्यांना बघवत नसे. "बंद डब्बा आन् गोड बोलनारा मानूस, आत काय चालू हाय थे मालूम नाही पडत," असं म्हणायचे. माझा कुकर शिटी देत नव्हता तर त्यांनी तोही खोलला. मग त्याने शिटी दिली, पण झाकण लागेना. "आता शिटी तरी देते ना? सारंच पायजे का तुले?"

फक्त एका वस्तूचं झाकण शाबूत होतं. त्यांचा रेडिओ. गाण्यांचा नव्हे, बोलायचा. बटण दाबून इथून बोललं की शेकडो कोसांवरचा माणूस ऐकायचा आणि उत्तर द्यायचा. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते, लायसन मिळतं. ते लायसन त्यांनी चौकट करून बुद्धाच्या फोटोशेजारी लावलं होतं. म्हणायचे, "यायनं शांत राहाले सांगतलं, त्यायनं बोलाची परवानगी देली. मी परवानगीवाल्याचं आयकलं."

नोकरी त्यांची जंगल खात्यात, बिरसा गावाकडे, वायरलेसवर. "जिंदगीभर सायबाइचे निरोप सांगतले. वाघ दिसला, वाघ गेला, साहेब येऊन राह्यले, साहेब गेले. आता माह्या मनचं बोलतो." रेडिओवर बायकोने विणलेला रुमाल होता. बायको गेली तेव्हापासून तो त्यांनी धुतला नव्हता आणि मलाही धुऊ दिला नव्हता. हा डबा का खोलत नाही, असं मी एकदा हळूच विचारलं. ते म्हणाले, "बाकीचं बिघडलं त नवीन येते. याचं पोट फाडलं आन् जमलं नाही, त मी मुका झालो ना वो!"

मी चौथी शिकलेली, माहेर राजेगावकडचं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. काकाजी लोकांना सांगायचे, "हे बाई भाजी फोडनीले टाकते, तेवढाच इचा आवाज." त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ते बोलत आणि मी पोळ्या लाटत असे.

सकाळी सातला त्यांची रेडिओवर हजेरी असायची. हजेरी घेणारे रायपूरचे दुबेजी. नागपूर, जबलपूर, भिलाई अशी गावांची नावं ते पुकारायचे आणि त्या त्या गावचा म्हातारा हिंदीत हजेरी द्यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, एवढं यंत्र लावून हे काहीतरी मोठं बोलत असतील. निघालं काय, तर कुणाचे गुडघे, कुणाचं बीपी आणि आज भाजी कोणती. बालाघाट पुकारलं की काकाजी असे ओरडत की रेडिओ नसता तरी रायपूरला ऐकू गेलं असतं. काकाजींनी आणि दुबेजींनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. "कायले पाहाचं? तोंड पाह्यलं त दोस्ती तुटन."

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा आवाज गेला होता. म्हणजे अगदी मुके नव्हते, पण केरसुणी फिरवल्यासारखा खरखर आवाज, तोही घशातल्या घशात. "गाठ काढाचे पैसे घेतले, आवाज फुकटात नेला," म्हणाले आणि स्वतःच हसले. हसू तर मुळीच ऐकू आलं नाही, नुसते खांदे हलले.

दुसऱ्या दिवशी सातला ते रेडिओपुढे बसले. दुबेजींनी पुकारलं, "बालाघाट?" काकाजींनी जीव एकवटून हजेरी दिली. दुबेजी म्हणाले, "बालाघाट गैरहाजिर." पुन्हा ओरडले, मानेच्या शिरा फुगल्या. "बालाघाट गैरहाजिर. आगे, भिलाई." असं बरेच दिवस चाललं. मी सांगितलं, माझ्या फोनवरून बोला. त्यांनी मान हलवली. "थो मले रेडिओवर हुडकून राह्यला. मी फोनवर काहून सापडू?"

एके दिवशी दुबेजींचा आवाज एकदम जड झाला. ते म्हणाले, बालाघाटच्या ऑपरेशनचं कळलं होतं, फोन लागत नाही, आता मनाची तयारी करावी. उद्या हजेरीनंतर त्यांच्या नावाने दो मिनट का मौन. फोन लागणार कुठून? तो महिन्यापासून आमच्या ओट्यावर खोललेला पडला होता.

मला वाटलं, काकाजींना वाईट वाटेल. ते तर एकदम ताजे झाले. "आयकलं? उद्या माही श्रद्धांजली हाय! चहा जास्त ठेवजो." पण मग रेडिओकडे बघत बसले. नागपूरहून येताना त्यांनी एक नवा माईक आणला होता, बारीक आवाजही पकडणारा. तो नुसता खोचून चालत नव्हता. त्याला रेडिओच्या आतून थोडी वीज लागते, जुन्याला लागत नव्हती. त्यासाठी रेडिओ खोलून आतली एक टिकलीएवढी वस्तू एका खुंटीवरून काढून दुसरीवर बसवायची होती आणि आवाज वाढवायचा एक बारका स्क्रू फिरवायचा होता. एवढ्यासाठी माईक पडून होता. घरभर सगळ्यांची पोटं फाडणारा माणूस इथं हात लावायला घाबरत होता.

दुपारी त्यांनी रुमाल उचलला, घडी करून माझ्या हातात दिला आणि झाकण काढलं. आत शहर वरून दिसावं तसं दिसत होतं. चिमट्याने काढताना टिकली उडून खाली पडली. आम्ही दोघं पालथे पडून शोधत होतो. शेवटी ती त्यांच्याच धोतराच्या निऱ्यांत सापडली. "पाह्य, सामान मलेच सोडत नाही."

टिकली बसली. आता स्क्रू. एकाने माईकमध्ये बोलायचं, दुसऱ्याने रेडिओवरची आवाज मोजणारी सुई बघत स्क्रू फिरवायचा. काकाजी वाकले की खोकला येई, बोलणं होईना. त्यांनी माईक माझ्यापुढे धरला. मी मागे सरकले.

"अवो, हे हवेत नाही जात. अँटिना काढला, थ्या जागी खोटा लावला. तुहा आवाज इथंच जळून जाईन. हवेत गेला त मलेच आत टाकतीन, लायसन माह्या नावाचं हाय."

मी म्हटलं, "हॅलो."

"हे हॅलो होय का उपासाचा सुस्कारा? सुई झोपली. बोल काई बी. कोनाले शिव्या दे."

"कोणाला?"

"मलेच दे. मी त उद्या मरूनच राह्यलो."

काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, तुम्ही तारांचे तुकडे कणकेच्या डब्यात ठेवता. चष्मा भाताच्या पातेल्यात ठेवता आणि मग माझ्यावर ओरडता. माझा कुकर नासवला. वरणात मला स्क्रू सापडला, मी तो धुऊन तुमच्या टेबलावर ठेवला आणि तुम्ही विचारलं, एकच सापडला का? डॉक्टरने तिखट बंद केलं तरी माझ्या मागे ठेचा खाता, वाटी पलंगाखाली लपवता, मुंग्या मी झाडते. ऑपरेशनला गेलात तेव्हा सांगितलंही नाहीत. मी सकाळी आले तर दाराला कुलूप. पायरीवर बसून राहिले, वाटलं सगळं संपलं.

मी थांबले. काकाजी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. स्क्रू त्यांनी फिरवलाच नव्हता.

"सुई पार त्या टोकाले गेलती," ते म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हर सावरत, "पन हा तुह्या भांडनाचा आवाज. मले मेलेल्या मानसाचा पायजे. आता रोजच्यासारखी बोल."

मग मी रोजच्यासारखी बोलले, आज वांगी करू का दोडके. ते बारीक बारीक स्क्रू फिरवत गेले, सुई उठत गेली. "वांगे," म्हणाले आणि झाकण लावलं.

सकाळी हजेरी झाली. बालाघाट पुकारलं तर हे गप्प! मी खुणेनं म्हटलं, बोला ना. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना आधी स्वतःची तारीफ ऐकायची होती. दुबेजी म्हणाले, आदमी हीरा था. काकाजींनी मान डोलावली. दुबेजी पुढे म्हणाले, बकवास बहुत करता था. मान थांबली. मग मौन सुरू झालं. सगळी गावं गप्प झाली, नुसती खरखर. त्या शांततेत काकाजींनी बटण दाबलं. "दुबे, मौन में चाय सुड़कने की आवाज आ रही है."

मग दुबेजी कडक आवाजात म्हणाले, "कौन है ये? शर्म नहीं आती? बालाघाट की आवाज हम पहचानते हैं, ये वो नहीं है."

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. आवाज पोचला होता आणि तरी ते पोचले नव्हते. बटणावरचा अंगठा पांढरा पडला.

मग ते माईकपाशी वाकले. आमच्याकडचा चिन्नोर तांदूळ चांगला की रायपूरकडचा दुबराज, यावरून दोघांची रोज जुंपायची. काकाजी खरखरत्या आवाजात म्हणाले, "दुबराज तो हमारे यहाँ बैल भी सूँघ के छोड़ देता है."

मग दुबेजींचा फुटलेला आवाज आला, "अबे नालायक! मैं रात भर सोया नहीं!" आणि मग सगळी गावं एकदम बोलू लागली. काकाजी खांदे हलवत होते. या वेळी ते हसणं नव्हतं. मी चहा आणायला आत गेले.

पुढे ते जवळजवळ वर्षभर हजेरी देत होते. मग गाठ परत आली. शेवटी ते इथेच, आपल्या पलंगावर गेले, दुपारी, माझा भात शिजत असताना. त्यांचा मुलगा भिलाईहून आला, सगळं उरकलं. तो म्हणाला, रेडिओवाल्यांना मी काही ओळखत नाही. लायसन नसताना बटण दाबायचं नाही, हे मला माहीत होतं. पण सातला दुबेजी पुकारणार. भिंतीवर खिळ्याने कोरलेला दुबेजींचा नंबर होता. मी माझ्या फोनवरून लावला.

"कौन?"

"मैं बालाघाट से, काकाजी के यहाँ खाना बनाती हूँ."

"जोर से बोलो बेटी, सुनाई नहीं देता."

मी अंगणात आले आणि ओरडले, "काकाजी नहीं रहे!" समोरच्या घरातल्या बाया बाहेर आल्या.

दुबेजी मोठ्याने हसले. "अच्छा! अब तुमसे बुलवा रहा है! उससे कहो, दुबे दूसरी बार नहीं रोएगा. फोन दो उसको."

मला काहीच बोलता आलं नाही. फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. त्यांचं हसणं हळूहळू थांबलं.

"बेटी," ते म्हणाले, "चुप क्यों हो?"