अक्का हायवे ओलांडते

गेल्या जानेवारीत, मन्नाएखेळ्ळीतल्या आमच्या घरी, माझ्या थोरल्या बहिणीने स्वतःच्या थेरपीच्या कागदावर एक ओळ लिहून घेतली: हायवेपलीकडच्या गिरणीत एकटीने जायचे. ती एक्केचाळीस वर्षांची आहे. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

तोवर थेरपीत काय असावे ते आई आणि मी सांगत आलो होतो. त्या दिवशी बसवकल्याणहून आलेल्या थेरपिस्ट बाईंनी चित्रांची कार्डे अक्कापुढेच मांडली. मणी ओवण्याचे कार्ड तिने पालथे घातले.

"मणी न्हाई. लई झालं."

"मग काय शिकायचं, अक्का?"

"गिरणी. एकली."

"मधी हायवे हाय," मी म्हणालो.

"तुम्हाला विचारलं नाही, सर," बाई म्हणाल्या.

आई म्हणाली, "ट्रक थांबतोय व्हय गं तुझ्यासाठी?"

"मी थांबते की."

त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या कित्येक वर्षे मीच वर्तमानपत्राला पाठवत होतो. वय, वाहन, वेळ. कागदावर माझीही सही हवी होती. ती करायला मी आठवडा लावला. तोवर अक्काचे वय घातलेली बातमी मनात दोनदा लिहून झाली होती.

सराव मार्चपर्यंत चालला. आधी उजवीकडे बघायचे, दुभाजकावर थांबायचे, मग डावीकडे. मोटारसायकल आली तर तळवा दाखवायचा. मग एका सोमवारी सकाळी ती ज्वारीचा डबा घेऊन एकटी निघाली. तिची अट कागदावर होती: तम्माने उंबरठा सोडायचा नाही.

दुभाजकापर्यंत ती नीट गेली. तिथून हलेना. पलीकडचा रस्ता एकदा मोकळा झाला. ती उभीच. पुन्हा मोकळा झाला, तरी उभीच.

"गेली का रे?" आईने आतून विचारले. मी अनवाणीच रस्त्याच्या कडेपर्यंत आलो.

अक्का वळली. तिने तळवा मला दाखवला.

"थांब, तम्मा!"

मी थांबलो. आमच्या मधल्या, अलीकडच्या रस्त्यावरून एक टँकर आला, त्यामागे तुरीचे दोन ट्रक. ती दिसेनाशी झाली. कोणीतरी जोराने हॉर्न वाजवला.

ट्रक गेले तेव्हा दुभाजक रिकामा होता. पलीकडे गिरणीवाला तिच्या हातातला डबा घेत होता.